ठमीचा गुडघा आणि घरातली शांतता

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. या खेपेस तो खरोखरच जमिनीवरून आहे, कारण घरात बसायला जमिनीशिवाय काही उरलेले नाही. तुझी कंबर कशी आहे? रविवारी येते आहेस हे वाचून आम्हा सगळ्यांना आनंद झाला (तो आम्ही हळू आवाजात केला, कारण पुढे येते आहे).

आपल्या ठमीने सोफ्याच्या पाठीवरून खिडकीकडे झेप घेतली आणि मागच्या डाव्या गुडघ्यातले लिगामेंट तोडून घेतले, हे तुला फोनवर कळलेच आहे. ऑपरेशन नीट झाले. घरी सोडताना मात्र डॉक्टरीणबाईंनी बजावले, "सहा आठवडे उडी नाही, जिना नाही आणि आनंद तर अजिबात नाही." आता कुत्र्याचा आनंद बंद करायचा तर माणसांचा आधी करावा लागतो. दारावरची घंटा काढली. चढायचा मोह नको म्हणून सोफा उभा करून भिंतीला टेकवला. तेव्हापासून आम्ही सगळे सतरंजीवर. बाबांना (म्हणजे तुझ्या धाकट्या भावाला) उठवायला दोन माणसे लागतात, त्यामुळे भांडण अर्धवट टाकून तरातरा निघून जाणे त्यांना जमत नाही. ते पूर्णच करावे लागते, आणि तेही कुजबुजत, कारण आवाज चढला की ठमी धडपडत उभी राहते. परवा टीव्हीवरून जुंपली, तेव्हा बाबा अंगाई म्हणावी तशा सुरात आमच्या हिला म्हणाले, "तुझ्याइतकी हट्टी बाई मी जन्मात पाहिली नाही गं." हीही तितक्याच मायेने म्हणाली, "तुमच्याच हाताखाली शिकले, बाबा." असल्या सुरात राग फार वेळ टिकत नाही. पाच मिनिटांत दोघे मिळून ठमीचा गुडघा शेकत बसले.

वजनाचे मात्र माझ्याकडून चुकले. गुडघ्यावर भार नको म्हणून ते दर आठवड्याला करायचे होते. मी तिला उचलून काट्यावर उभा राहायचो आणि पहिल्या दिवशी टिपून ठेवलेले माझे वजन वजा करायचो. ठमी वाढतच चालली, तसतसे मी तिचे जेवण घटवत गेलो. बिचारी रिकामे ताट चाटत माझ्याकडे बघायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला काट्यावर उभे केले आणि माझ्याकडे वळून विचारले, "ही तर दोन किलोने उतरलीय. तुम्ही काय खाता?"

बाकी सर्व ठीक.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. : मन घट्ट करून लिहितो. रविवारी येऊ नकोस, महिनाभराने ये. तुझ्या मनाला लागेल म्हणून सांगितले नव्हते, पण ठमीने ती झेप खाली तुझ्या गाडीसारखी गाडी थांबलेली दिसली, तूच आलीस असे वाटले म्हणूनच घेतली होती. तू जिन्यात नुसती खाकरलीस तरी ती गुडघ्याची पर्वा न करता तुझ्या गळ्यात पडेल.

ता. क. २ : तुझ्याशी खोटे बोलवत नाही. गुडघा ठणठणीत आहे. गेल्या मंगळवारीच डॉक्टरीणबाईंनी उड्यांनासुद्धा परवानगी दिली. घरात मी अजून कुणाला बोललेलो नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा इथे शांतता आहे, गं. रोज सकाळी आम्ही दोघे मैदानावर मनसोक्त धावून येतो. दाराशी आलो की ठमी आपणहून लंगडायला लागते. मी शिकवलेले नाही.