तेहतीस कोटींना सतराने भाग

४ फेब्रुवारी

प्रोफेसरसाहेब,

‘चिरंजीव’ लिहायला घेतलं होतं, पण मोठ्या बहिणीचा आशीर्वाद आज हातातून उतरेना. घरी सगळे ठीक. सगळे म्हणजे बाबा आणि मी.

तुझं कार्ड पोचलं. बाबा कसे आहेत, ताई जिवंत आहे का, अवाक्षर नाही. नुसतं ‘१७ × १९६०७८४३ करून पाहा’. अरे, लकव्याने उजवी बाजू गेलेल्या माणसाला कोणी असं लिहितं?

त्या गुणाकारातून येणारी संख्या त्यांची कोण लागते हे तुला पक्कं ठाऊक होतं. ३१, ३३१, ३३३१... तिनांची रांग आणि शेवटी एक, स्वतःशिवाय कशाने भागच जात नाही. बाबा आठ तिनांपर्यंत पोचले. ३३३३३३३३१. तेहतीस कोटींच्या वर! शाळेतून निवृत्त झाल्यापासून अठरा हजारांपर्यंतच्या एकेका मूळ संख्येने तिला कागदावर भागत बसले. बाकी उरली की स्वयंपाकघरात येऊन सांगायचे, “ही पण हरली गं!”

लहान संख्यांनी भागणं मात्र त्यांनी तोंडीच उडवलं होतं. “त्या बघताक्षणी कळतात,” म्हणे. लहानापासून सुरुवात करा म्हणून जन्मभर पोरांना छड्या मारल्या, आणि स्वतः सतराला ओलांडून गेले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

मी कार्ड पिठाच्या डब्यामागे टाकलं. पण पोस्टमन त्यांना खिडकीतून दिसला होता.

“त्याचं आहे ना? आण इकडे.”

डाव्या हाताने गुणाकार मांडला. पाटी मी धरली होती. आकडे वेडेवाकडे, पण हातचा एकही चुकला नाही. उत्तरात तीनामागून तीन येत गेले. आता हे रडणार, असं वाटलं. मनात तुला शिव्या घातल्या. त्या मी परत घेत नाही.

ते हसले. वाकड्या तोंडाने, खाट हलेपर्यंत. मग तुझ्याबद्दल एक वाक्य बोलले.

‘तुझं डोकं गणिताचं नाही’ असं बाबा म्हणाले, एवढ्यावरून तू घर सोडलंस. आई गेली तेव्हाही पाहुण्यासारखा दारात उभा राहिलास. स्वतःच्याच त्या बोलण्याला बाबांनी परवा त्या एका वाक्यात उत्तर दिलं. आणि मला काय म्हणाले, ऐक. “कार्ड का लपवलंस? तुला यातलं काय कळतं?” यांना अंघोळ मी घालते, घास मी भरवते. जळफळाट झाला माझा, लिहायला लाज कसली?

ते वाक्य मी कळवणार नाही. मला असलं काही आयुष्यात मिळालेलं नाही, आणि तुला टपालाने फुकट मिळावं एवढी मी चांगली नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर वाचा जाईल. ऐकायचं असेल तर त्याआधी ये. माझ्याशी बोलू नकोस. सरळ त्यांच्या खोलीत जा.

तुझी कोणी नाही,
त्यांची मुलगी