बाबांना सापडलेली गोळी

ओमारामा,
१९ एप्रिल

प्रिय लॅची,

पर्थचा उकाडा एव्हाना उतरला असेल. इकडे हिवाळा तोंडावर आलाय, सकाळी नळाला बर्फ धरायला लागलाय. मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या. आपला टग आता फार म्हातारा झालाय, मेंढ्यांवर भुंकतो तेही बसल्या बसल्या. बाबा बरे आहेत. म्हणजे विचारलं की तसं सांगतात. हल्ली चहा ओतताना थोडा बशीत जातो, एवढंच.

डोंगरात हरणांचे नर ओरडायला लागले तशी बाबांनी रायफल काढली. मी म्हटलं, मीही येते. निघताना तुझ्या कपाटातली तुझी रायफल घेतली, तू स्वतः भरून ठेवलेल्या काडतुसांसकट. टोमणा आलाच. “भावाचं खेळणं घेतलंस? इथे बसून पलीकडच्या खोऱ्यातलं मारणार वाटतं?” मी म्हटलं, “ओझं मी वाहतेय ना, तुमचं काय जातं?”

त्यांची रीत तुला माहीत आहे. वारा तोंडावर घ्यायचा, पोटावर सरपटत जवळ जायचं, खांद्याच्या मागे मारायचं, एकात संपवायचं. तसेच गेलो. नर ओढ्याकाठी आडवा उभा होता, इतका जवळ की त्याच्या तोंडाची वाफ दिसत होती. बाबांनी बार काढला. गोळी लागल्याचा आवाज मात्र पोकळ आला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. गोळी पोटात लागली होती. जनावर पाठ वाकवून ओढा ओलांडून पलीकडचा उतार चढू लागलं.

“पडेल बघ आता,” बाबा म्हणाले. ते ओढ्याकडेच बघत होते, आणि तिथे आता काहीच नव्हतं.

लॅची, त्यांची नजर चाललीय. तिमारूच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं जातंय आणि ते परत येणार नाही. कडेचं तेवढं शाबूत राहील. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ती मोडली, चल.

तुझा तो नर मला त्या क्षणी आठवला. तू अख्खं खोरं ओलांडून गोळी मारलीस, इतक्या लांब जाईतो तिचा जोर सरला, ती अंगात शिरल्यावर फुलासारखी उघडायची, तशी न उघडताच दाभणासारखी आरपार गेली. बाबा दोन दिवस त्या जखमी जनावरामागे फिरले, आणि परत येऊन शेजाऱ्यांदेखत तुला म्हणाले, “तू शिकारी नाहीस. या डोंगरात पुन्हा बंदूक उचलू नकोस.” त्यानंतर अख्खा हिवाळा तू लांब लांब उभे राहून भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर गोळ्या झाडत होतास, कुठली तांब्याची गोळी किती लांबवर उघडते ते बघायला. बाबा एकदाही बघायला आले नाहीत. मग तू गेलास.

मी आडवी झाले. अंतर साडेपाचशे मीटरच्या आसपास होतं. तू शिकवलंस तसं उतारावरचं गवत वाऱ्याने किती लवतंय ते बघितलं, जनावर आडवं होईतो थांबले आणि खांद्यावर नेम धरला. ते जागच्या जागी कोसळलं.

“माझी चुकली,” मी बाबांना म्हटलं. “तुमच्याच गोळीने पडलं.” दुसरं काय म्हणणार होते मी?

कातडं सोलायला त्यांना डोळे लागत नाहीत. पलीकडच्या खांद्याच्या कातड्याखाली त्यांच्या बोटांना गाठ लागली. सुरीने चिरून त्यांनी ती काढली, पाण्यात धुतली, कोंबडीसारखी मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघितली. मग अंगठा फिरवला. चार पाकळ्या, चारही उमललेल्या.

“माझी शिशाची असते,” ते म्हणाले. “ती अशी फुटत नाही. माझी पोटात गेली ना?”

“हो, बाबा.”

गोळी मुठीत धरून ते खाली टेकले. मग म्हणाले, “मी त्याला जे बोललो, ते आज मला कोण बोलणार?” मला रडू आलं. मी तोंड फिरवायला गेले आणि लक्षात आलं, फिरवायची गरजच नव्हती.

उतरताना त्यांनी आपली रायफल माझ्या खांद्याला अडकवली. आजवर त्यांनी ती कुणाला वाहू दिली नव्हती. फाटकाशी येऊन थांबले. “लॅचीला लिही. म्हणावं, तुझी गोळी उघडली.” यापलीकडे त्यांच्या तोंडून काही येणार नाही, फोनवर तर नाहीच. तू ओळखतोस त्यांना.

ती गोळी त्यांच्याच रुमालात बांधून सोबत ठेवलीय. गाठ त्यांनी मारलीय, सुटायला जड जाईल.

लवकर ये. आलास की अगदी समोर उभा राहू नकोस, थोडा बाजूला राहा. तिथून तुझा चेहरा त्यांना अजून दिसेल.

वाट बघणाऱ्या दोघांपैकी जिला लिहिता येतं, ती तुझी बहीण,
मोराग