एकतीस जणींची मी एकटी

तळेगाव ढमढेरे,
१८ ऑगस्ट २०२५

आदरणीय बबनराव भावजींना कुमुदिनीवहिनीचा नमस्कार.

गुरुवार, १४ ऑगस्ट रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुमच्या कंपनीने माझी तीस लग्नं लावली. वेळ नक्की आहे, मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून लिहून ठेवली. तुमचे गुडघे कसे आहेत? दौंडचं पाणी मानवतंय ना? इकडे मळ्यात तुमच्या जाईबाई खुशाल आहेत, दोडका बरा आलाय. आता मुद्द्यावर येते.

तुम्ही अध्यक्ष या नात्याने सगळ्यांना निरोप पाठवलात, की भाजीपाला कंपनीचं सभासदांचं रजिस्टर आता कॉम्प्युटरवर गेलंय, ज्याने त्याने आपली नोंद तपासावी. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सूचना वाचून तसं वागणारी या दोन तालुक्यांत बहुधा मी एकटीच. नोंद उघडली. नाव बरोबर. शेअर माझे दहा, तिथे तीनशे दहा. आणि ‘पतीचे नाव’ या रकान्यात स्वल्पविराम देऊन ओळीने एकतीस नावं. (पहिलं तुमच्या दादांचं, एवढी मर्यादा पाळली आहे.) दादा गेल्यावर मला दुसऱ्या लग्नाचं कुणी सुचवलं नाही, आणि सुचवलं असतं तरी एका नवऱ्याने सदतीस वर्षांत मला पुरेसं दमवलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर मुलाच्या सायकलकडे पाहिलं तरी प्रार्थना करायला लावत. हा रकाना त्यांनी पाहिला असता तर मी अजून गुडघ्यांवरच असते.

शनिवारी दोन एसट्या बदलून दौंडच्या ऑफिसात गेले. बरोबर रतनबाई होती, कारण तिची नोंदच सापडत नव्हती. कॉम्प्युटरवरची मोनाली गरीब मुलगी आहे, तिला बोलू नका. ती म्हणाली, “मॅडम, सिस्टीम मोबाईल नंबरवरून माणूस ओळखतंय. तुमच्या नंबरवर एकतीस नावं होती, त्याचं एक केलं त्यानं.”

रतनबाई म्हणाली, “म्हंजी म्या बाईंच्यात गेली व्हय? आन् माझा म्हातारा?”

“तो पण.”

“ऱ्हाऊ द्या मग बाई तुमच्याकडंच. सकाळी च्या बिनसाखरेचा लागतो त्याला.”

मोनाली हसली, मीही हसले. रतनबाई हसून झाल्यावर म्हणाली, “पर मग सभंत हात कुणी वर करायचा? म्या का तुम्ही?”

भावजी, याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे, म्हणून प्रश्न जसाच्या तसा लिहिलाय.

एक नंबर म्हणजे एक माणूस, हे पुण्यात खरं असेल. आपल्याकडे एक फोन म्हणजे एक घर, आणि तो घरातल्या पुरुषाच्या खिशात. कंपनीचा निरोप त्या खिशात गेला की सभेलाही तोच खिसा जातो. म्हणून या बायकांनी ठरवून माझा नंबर दिला. आठवडी बाजारात, कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी बसून मी त्यांना निरोप वाचून दाखवते. सातबाऱ्यावर यांची नावं नाहीत, घराच्या पाटीवर नाहीत. तुमच्या जुन्या रजिस्टरात मात्र एकेकीला एकेक पान होतं, फोटोसकट. त्या फोटोसाठी रतनबाई शिरूरला जाऊन आली होती, नवं लुगडं नेसून. ती पानं मी माझ्या हाताने लिहिली. नंबरही एकतीस वेळा मीच लिहिला. तेव्हा चूक कोणाची असं विचाराल तर अर्धी माझी आहे, आणि ती मी कबूल करते. उरलेल्या अर्धीसाठी हे पत्र आहे.

वीस सप्टेंबरच्या सभेत माल गोळा करायची शेड तळेगावहून कासुर्डीला, हायवेवर न्यायचा ठराव तुम्ही मांडणार आहात. ट्रकवाल्यांची सोय होईल, मान्य. पण आज या बायका डोक्यावर पाटी घेऊन शेडपर्यंत स्वतः येतात. कासुर्डी म्हणजे जीप, जीप म्हणजे नवरा, आणि नवरा म्हणजे माल कुणाचा हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. आपल्या कंपनीत सभासदाला शेअर कितीही असोत, मत एकच. म्हणजे एकतीस हात वर व्हायचे तिथे माझा एक होणार, आणि तोही संधिवाताचा. तुम्ही हे मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. तुम्हाला फोनवरचा गजर बंद करता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा सभेआधी एकतीस नोंदी वेगळ्या करा. प्रत्येकीला तिचं पान परत द्या. नंबर माझाच राहील, आणि कॉम्प्युटरला ते पटवून देणं हे तुमचं काम.

तुमची,
कुमुदिनीवहिनी

ता. क. रागावू नका. गुडघ्यांना निर्गुडीचा शेक द्या.

ता. क. दुसरा. त्या रकान्यात एकोणिसावं नाव तुमचं आहे. होय, जाईबाईही चार वर्षांपासून सभासद आहेत. अर्जावर सही तुमचीच आहे, तुम्ही न वाचता करता तशी. तुमचा नंबर सोडून त्यांनी माझा का दिला, हे त्यांनाच विचारा. मी त्यांच्या परवानगीने लिहितेय. शेड कासुर्डीला जायला त्यांचा विरोध आहे, आणि हात त्यांना स्वतः वर करायचा आहे.

उत्तर लेखी हवं, शनिवार, ६ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नका. हा नंबर एकतीस जणींचा आहे.