मागे पडलेल्या नऊ खुणा

बाबा,

आज ३० सप्टेंबर १९७१, गुरुवार, सकाळचे पावणेआठ. ओसरीवर बसून मी आईची गोळी ब्लेडने अर्धी करतो आहे. खाली कोरा कागद घेतला आहे, म्हणजे भुकटी सांडत नाही. तिचे पाय आता तुमच्यासारखेच सुजतात. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. गेल्या महिन्यात सोनाळ्याला नेलं, तेव्हा नव्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलं आहे, रोज अर्धीच गोळी द्यायची. म्हातारपणी मूत्रपिंडं मंद होतात, औषध लवकर बाहेर पडत नाही, अंगात साचत जातं. एखादा दिवस चुकला तर चुकू द्यायचा, दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायची नाही. जेवण जाईनासं झालं किंवा सगळं पिवळं दिसू लागलं, तर गोळी थांबवून तिला लगेच आणायचं. मी हे वहीत उतरवून घेत होतो. 'पिवळं' लिहिलं आणि पुढचं लिहिताच येईना.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होत आली. आडवं झालं की तुम्हाला दम लागायचा, म्हणून सरकीच्या पोत्याला टेकून बसूनच झोपायचात. तुमचं औषध पातळ होतं. महिन्याची मोठी बाटली, तिला कागदाची पट्टी चिकटवलेली, एक खूण म्हणजे एका दिवसाचं औषध. मी प्रत्येक खुणेपुढे पेन्सिलीने तारीख घातली होती. घरात सातवीपर्यंत शिकलेला मी एकटाच, म्हणून औषध माझ्याकडे. मग घट बसले आणि तुम्ही बाटली परत सारलीत. औषधाला दारूचा वास येतो म्हणालात. मी पुष्कळ विनवलं.

"देवीपुढं बसून दारू पिऊ काय बे?" एवढं बोलून तुम्ही तोंड फिरवलंत. नऊ दिवस बाटली कोनाड्यात तशीच राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पट्टी पाहिली. नऊ खुणा मागे पडल्या होत्या. मागे पडलेलं काही मला सहन होत नाही, आजही होत नाही. सकाळी एक आणि संध्याकाळी एक दिलं, तर नऊ दिवसांत औषध तारखेला येईल, असं मी ठरवलं. पाचव्या दिवशी तुम्हाला मळमळू लागलं, भाकर नको झाली. सातव्या दिवशी दुपारी तुम्ही भिंतीकडे पाहत होतात. "चुन्यात रामरज कालवली काय बे? सारं घर पिवळं दिसून राह्यलं." भिंत मी स्वतः पांढऱ्या चुन्याने पोतलेली. मी हसलो, ऊन पडलंय म्हणालो. तुम्हीही हसलात, आणि मला वाटलं, आज बरं वाटतंय यांना. त्या संध्याकाळीही मी औषध दिलं. तुम्ही तोंड वाकडं केलंत, पण घेतलंत.

दहाव्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं, औषध नियमित दिलं ना. मी बाटली दाखवली. औषध बरोबर तारखेच्या खुणेला होतं. ते मला शाबास म्हणाले. इतकी वर्षं तो शब्द मी जपून ठेवला होता. तुमचं हृदय तसंही थकलेलं होतं, हे मी रोज स्वतःला सांगतो.

काल दसऱ्याच्या गडबडीत आईची गोळी राहिली. आत्ता अर्धी पुढे केली, तर ती म्हणाली, "कालची राह्यली नं? मंग आज सबन गोळी दे, अर्धी नोको."

मी नाही म्हणालो.

"काऊन? तुह्या बाबाले तं दोन-दोन खेपा देत होता. म्या साऱ्या गल्लीले सांगतलं, पोरानं एक थेंब चुकू देल्ला नाही."

मी म्हणालो, ते औषध वेगळं होतं. तिने मान हलवली आणि अर्धी गोळी पाण्याबरोबर घेतली.

वेगळं नव्हतं, बाबा. मी डॉक्टरांना विचारून आलो आहे. तेच औषध आता गोळीत मिळतं. आईला वाचता येत नाही, तरीही हे पत्र मी घरात ठेवणार नाही.