टेकडीखालच्या विहिरीतले दगड

२ डिसेंबर

पोचले एकदाची बोरी अरबला! ढाणकीहून निघताना आईनं दहादा बजावलं, अर्पिता, नाकाच्या शेंड्यावरचा राग घरी ठेवून जा, पहिलीच नोकरी आहे. आई, तुझी शपथ, दिवसभरात एकदाच चिडले. एसटीत एक गृहस्थ माझ्या बॅगेवर पाय ठेवून झोपले होते. त्यांना उठवलं, इतकंच.

भूशास्त्रात एम.एस्सी. करून दोन वर्षं घरी माशा मारल्या. आता भगवानरावांच्या दगडांच्या गोदामात तपासनीस आहे. इकडचा खडक काळा. विहीर खोदताना मधेच पोकळी लागते आणि तिच्या भिंतींना आतून स्फटिक लगडलेले असतात. लोक ते भगवानरावांना आणून देतात, तिथून मुंबईचा व्यापारी, तिथून परदेश. माझं काम असं, की प्रत्येक नग अंधारात यूव्ही दिव्याखाली धरायचा. काही दगड त्या उजेडात स्वतःचा रंग सोडतात, त्यांना मागणी जास्त. शिवाय कोणी तुटका नग चिकटवून आणला, तर चिकटवलेली रेघ निळसर पांढरी उजळते. लबाडी पकडायचा पगार! माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे?

तपासायची खोली म्हणजे पूर्वीची कापूस साठवायची कोठी. खिडकीला काळी ताडपत्री. भर दुपारी आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. पहिल्याच खोक्यात विंचू निघाला, दिव्याखाली हिरवागार! मी किंचाळले. भगवानराव दारातून म्हणाले, "भेऊ नका मॅडम, तो बी एक नगच हाय." साठीचा, हसतमुख माणूस. त्यांचा पुतण्या रजत दगड धुतो आणि बांधतो. दिवसभरात एक अक्षर बोलला नाही. लाजाळू दिसतो.

३ डिसेंबर

आज खजिना उघडला. मागच्या भिंतीला चाळीस खोकी आहेत, सगळी एकाच जागेची. भगवानरावांच्या स्वतःच्या शेतात टेकडीखाली विहीर होती, ती उन्हाळ्यात खोदताना ही पोकळी लागली. पाणी लागलं नाही म्हणून विहीर बुजवली, वर तूर पेरली.

कॅल्साइट आहे. उजेडात साधा, दुधी, कोणी ढुंकून बघणार नाही असा. पण दिवा लावला आणि मी नग डोळ्यांशी धरला. गुलाबी! निखाऱ्यावरची राख झटकल्यावर दिसतो तसा आतून येणारा गुलाबी. दिवा बंद केल्यावरही तो लगेच विझत नाही. मी आकडे मोजले. अकरापर्यंत दिसत होता. अंधारात एकटीच टाळ्या वाजवत बसले. अठरा तारखेला मुंबईचा ट्रक येणार आहे, तोवर सगळी खोकी तपासून व्हायला हवीत.

५ डिसेंबर

आज बाजार होता. दुपारी गोदामाच्या पायरीवर एक बाई येऊन बसली, पन्नाशीची, काटकुळी. जवळच्या तांड्यावरची मानीबाई. दर बाजाराला येते म्हणे. तिचा नवरा फुलसिंग विहिरीत सुरुंग भरायचं काम करायचा. उन्हाळ्यात त्या टेकडीखालच्या विहिरीत उतरला, तो घरी आलाच नाही. भगवानराव सांगतात, तो संध्याकाळी वर आला आणि कोणा बाईबरोबर हैदराबादकडे पळाला.

मला आधी तिचा वैताग आला. खरं तेच लिहायचं तर आलाच. काम सोडून हिच्यापाशी किती बसायचं? पण ती मलाही सगळं सांगू लागली. गोदामात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते. नवरा उंच आहे. डावा खांदा उतरता आहे. सुरुंगाच्या वायरी दातांनी सोलून सोलून पुढच्या दाताला खाच पडली आहे, दोरा अडकेल एवढी. "माहा माणूस पयून नाई गेला व पोरी. त्याच्या चपला विहिरीपाशी होत्या. पयनारा माणूस अनवानी जाते काय?"

भगवानराव बाहेर आले आणि तिच्यावर खेकसले. सहा महिने झाले, तुझा माणूस मजेत आहे, धंद्याच्या दारात रडू नको. ती उठून गेली. माझं डोकं सणकलं. एवढं ओरडायचं काय कारण होतं? रजत मागे उभा होता. त्यानं मान वळवून घेतली.

१० डिसेंबर

तेविसाव्या खोक्यात एक नारळाएवढा नग. सगळा गुलाबी आणि मधोमध निळसर पांढरा ठिपका. म्हटलं, पकडली लबाडी! ॲसिटोन लावलं, घासलं, टोकरलं. चिकटवलेला असता तर सुटला असता.

भिंग घेऊन पाहिलं. दात आहे. माणसाचा, पुढचा. खरे दात या दिव्याखाली निळसर पांढरेच दिसतात. चिकटवलेला नाही, स्फटिक त्याच्याभोवती वाढलेत, अर्धा दात आत रुतलाय. असे स्फटिक वाढायला लाखो वर्षं लागतात. मी हेच शिकले आहे, यावर परीक्षा दिली आहे. हे होऊच शकत नाही.

दाताच्या कडेला खाच आहे. मी शिवणाचा दोरा लावून पाहिला. अडकला.

११ डिसेंबर



नग नेऊन भगवानरावांच्या टेबलावर आपटला. ते आधी म्हणाले, बकरीचा असेल. मी म्हटलं, बकऱ्या वायरी सोलतात का? मग त्यांनी उठून दार लावलं आणि बाजारभाव सांगावा इतक्या शांतपणे सांगितलं. फुलसिंग खाली होता. तो वर यायच्या आधीच यांनी रजतला बार उडवायला लावला, कारण ऊन चढत होतं आणि यांना घाई होती. कडा कोसळला. कड्यामागे ही पोकळी उघडी पडली. पोलिसांना कळवलं असतं तर विहिरीला कुलूप लागलं असतं. म्हणून यांनी आठ दिवस खाली बाहेरगावची, काही माहीत नसलेली माणसं उतरवून स्फटिक काढले. माणूस ढिगाऱ्याखाली, आणि हे बाजूला बसून दगड काढतायत! मग त्याच्यासकट विहीर बुजवली.

माझ्या तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, एक आठवडा थांबा मॅडम, ट्रक जाऊ द्या, मी स्वतः तांड्यावर जातो, तिच्या पाया पडतो, पोलिसात बी जातो. डोळ्यांत पाणी होतं. आत्ता बोललात तर तुमचंही नाव गुंतेल, असंही म्हणाले.

एक आठवडा. ठीक आहे. एकच आठवडा.

१२ डिसेंबर

मानीबाई आली. "काही दिसलं काय व पोरी?"

मी चिठ्ठ्या चिकटवत होते, चिकटवत राहिले. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. गप्प बसले. ती उठली. जाताना तुरीच्या ओल्या शेंगांचं गाठोडं ठेवून गेली, उकडून खा म्हणाली, एकटी पोर आहेस.

शेंगा तशाच पडल्यात. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

१४ डिसेंबर

कालपासून जबडा आखडलाय. वाटलं, गारठ्यानं असेल. आज भाकरी चावताना करकर झाली, खडा लागावा तशी. भाकरीत खडा नव्हता.

कोठीत निळे ठिपके वाढलेत. मी तपासून बाजूला ठेवलेल्या, साफ असलेल्या नगांतही. एकात बोटाचं पेर. एकात बरगडीची कड. तुटलेल्या कडा एकमेकींना जुळतात. मी जमिनीवर जुळवत गेले, चटचट जुळल्या. डावा खांदा उतरता.

दिवा बंद केला. आकडे मोजले. तीनशेला थांबले. तो गुलाबी विझला नव्हता.

मग मोबाइलच्या काचेत पाहिलं. तिथे दुसरा एक गुलाबी उजेड होता. माझ्या तोंडात.

१५ डिसेंबर

रजत लाजाळू नाही. मूर्ख मी!

त्याला कोठीत ओढत नेलं आणि दिवा तोंडावर धरला. त्यानं ओठ फाकवले, तेवढेच फाकतात. आत जीभ दिसत नाही. स्फटिक आहेत, टोकदार, टाळूपासून खालपर्यंत, गुलाबी. नळीनं पातळ वरण ओढून जगतोय. त्यानं खोक्यावर मार्करनं लिहिलं, "बार म्या उडवला. मानीबाईनं मले इचारलं. म्या बोललो नाई." मग माझ्याकडे बोट केलं.

मी दिवा घेऊन भगवानरावांकडे धावले. ते कोणाशी तरी फोनवर हसत होते. हसतानाच तोंडात दिवा मारला. लख्ख! निळसर पांढरे, निरोगी, चारचौघांसारखे दात. रोज उघड्या हातानं हे दगड हाताळतात, आणि काही नाही!

कळलं मला. मानीबाईनं विचारलं की ते बोलतात तरी. पळाला, बाईबरोबर गेला, मजेत आहे, रोज बोलतात. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मोकळं राहतं. विचारल्यावर गप्प बसणाऱ्याचं मिटतं.

हा कसला न्याय? फुलसिंग, तुम्हाला मारलं त्यानं आणि तोंड मिटताय आमचं?

१६ डिसेंबर

तांड्यावर गेले, चालत. आधी मानीबाईला सांगायचं, मग पोलिसांना, मग जगाला. घराला कुलूप. मायलेकी मुकुटबनकडे कापूस वेचायला गेल्यात, बाजाराला परततील, असं शेजारीण म्हणाली.

तिलाच सांगायला तोंड उघडलं. आवाज आला, शब्द नाही. ती घाबरून आत गेली.

दात वाजतात एकमेकांवर. काचेसारखे.

१७ डिसेंबर

आईचा फोन. उचलला. ती हॅलो हॅलो करत राहिली. चिडलीस का गं, म्हणाली. हो आई, चिडले आहे. कधी नव्हे इतकी —

बोटांची पेरं दुखतात. नखांखाली गुलाबी. आता दिवा लागत नाही, नुसता अंधार पुरतो.

१८ डिसेंबर

ट्रक आला. मी चाकापुढे बसले. दोघा हमालांनी उचलून बाजूला ठेवलं. मला वजन आलंय, धापा टाकत होते दोघं. भगवानराव ड्रायव्हरला म्हणाले, मॅडमले फेफरं येते.

चाळीस खोकी गेली. ट्रकचा नंबर आणि व्यापाऱ्याचा पत्ता मागच्या पानावर लिहिलाय.

दाताचा नग माझ्यापाशी आहे. पदराखाली धरून बसले होते. तो नाही दिला. नाही दिला —

आता पाया पडायला जाईल का हा तांड्यावर? जेवायला बसलाय.

१९ डिसेंबर

मानीबाई आल्या. सोबत लेक, पुष्पा. पुष्पाला वाचता येतं. दोघींना कोठीत घेतलं, आतून कडी लावली. पुष्पा माझ्या खांद्यावरून हे वाचतेय. मोठ्यानं वाच पुष्पा. सगळं वाच, दहा तारखेपासून.

वाचून झालं.

मानीबाईंनी नग मांडीवर घेतला. खाचेवरून नख फिरवलं. रडल्या नाहीत. त्याच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या, मला समजलं नाही. मग मला —

बोटं वळत नाहीत. मूठ करून पेन धरलंय.

बाहेर भगवानराव दार ठोकतायत. लोकांना सांगतायत, मॅडमले ताप आहे, काहीबाही लिहिते. गोड आवाज. अडखळत नाही कुठं.

ऐकू नका त्याचं. विहीर उकरा. पोलिसात ही वही —

मानीबाई विचारतायत. एकच. पुष्पानं तारखा वाचल्याच नाहीत त्यांना, आणि बारा तारीख तर नाहीच. ते पान तिनं गाळलं. मला वाचवायला गाळलं. म्हणून विचारतायत, "मी आल्ती तवा तुले माहीत होतं काय व, पोरी?"

'नाही' लिहावं असं मनात आलं, आणि बोटं सुटली. खरंच सुटली. जबडा सैल. जीभ हलली. एक शब्द. 'नाही'. म्हटला की मी घरी, आईपाशी —

नाही, तसं नाही. पुष्पा, तो माझा 'नाही' त्यांना वाचू नकोस. हे वाच. हात परत आखडतोय —

मानीबाई, तुम्ही शेंगा दिल्यात त्या दिवशी मला माहीत