बाचं पान

आये, हजेरी बंद झाली त्या दिवशी तू बाला म्हणाली होतीस, "आता कुठंबी जा, कुनी इचारनार न्हाय." सगळी वाडी हसली होती. त्याआधी रोज संध्याकाळी आपल्या कातकऱ्यांच्या बाप्यांना गावात पाटलाच्या अंगणात उभं राहावं लागे, कारण सरकारच्या लेखी आपण जन्मतःच चोर. एकदा बा खाडीत खेकडे धरता धरता उशिरा आला, हजेरी चुकली, तर दोन शिपायांनी त्याला झोपडीतून ओढून काढलं. त्याच्या पाठीला तू हळद लावत होतीस, ते मला अजून दिसतं.

मग काही वर्षांनी मुकादमाने आपल्याला मुरुडच्या मागच्या डोंगरात कोळसा पाडायला नेलं. तिथे त्याने एका बाळंतिणीला लाथ घातली आणि बाने त्याची गचांडी धरली. संध्याकाळी मुकादमाची दोन माणसं 'जरा बोलायचंय' म्हणून बाला ओढ्याकडे घेऊन गेली. सकाळी मुकादम म्हणतो, पळाला. बाचा कोयता झोपडीतच होता. कोयता टाकून कातकरी कुठे जातो, आये? भट्टीवरच्या सगळ्यांना हे कळत होतं, पण माना खाली घालून सगळे लाकडं रचत राहिले.

तू मला घेऊन ठाण्यावर गेलीस. जमादार म्हणाला, "तुमची जातच भटकी. येईल फिरून." तू म्हणालीस, "सायेब, यका रातीची हजेरी चुकली तवा दोन शिपाई धाडलं व्हतं. आता यक तरी धाडा." त्याने चहा मागवला. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. चोर होतो तेव्हा आपली मोजदाद होती, माणसं झालो तशी तीही गेली.

भाद्रपदातल्या अवसेला वाडीत घरोघरी छपरावर पितरांचं पान ठेवलं, तेव्हा काका तुला म्हणाला, "भावाचं पान टाक, वैनी. त्यो उपाशी फिरत आसंल." तू त्याच्यावर खेकसलीस, "जित्या मानसाला कावल्याचं जेवान घालू व्हय?" पुढे तू तापाने गेलीस तोवर ते पान पडलं नाही.

आता तुझं पान मी ठेवते. भात, सुकट, थोडा गूळ. कावळा लगेच येतो. यंदा माझी लेक म्हणाली, आजोबांचंही ठेवूया ना. मी तिला उगीचच रागावले आणि मग हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, हे मलाही कळतं. एवढंच विचारायचं होतं, आये, तिकडे तुला बा भेटला का? भेटला असेल तर मला कळू नये, असंच वाटतं.