शंभर वर्षं टिकणारा तपकिरी

२ ऑक्टोबर
आजपासून सेपिया. ठरलं म्हणजे ठरलं. ड्रायव्हिंग स्कूलमधून निवृत्त होऊन सात महिने झाले, माणसाला छंद हवा. बाथरूमची डार्करूम केली. बायको, म्हणजे जंग्रान, म्हणाली, मग आंघोळ कुठे करायची? हिला प्रत्येक गोष्टीत आधी अडचण दिसते.
पद्धत सोपी. काळापांढरा प्रिंट ब्लीचमध्ये टाकायचा, चित्र जवळजवळ गायब. मग टोनरमध्ये टाकायचा, चित्र परत येतं, तपकिरी होऊन. पुस्तक म्हणतं, शंभर वर्षं टिकतं.

५ ऑक्टोबर
पहिला प्रिंट. बंदरातली बोट. ब्लीचमध्ये गेली, टोनरमध्ये आली! मी ओरडलोच. रंग जरा पिवळा. जंग्रानच्या मते बोटीला कावीळ झालीय.
टोनरला कुजलेल्या अंड्यांचा वास येतो. खालच्या मजल्यावरच्यांनी गॅसवाल्याला बोलावलं. बिचारा तासभर पाइप तपासत होता. मी काही बोललो नाही. तपासणी कधीही झालेली बरी.

९ ऑक्टोबर
रसायनं गार राहावीत म्हणून किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, फ्रिजात ठेवली. झाकणं घट्ट होती. तरी जंग्रानने घर डोक्यावर घेतलं. आता ती आंघोळीला सार्वजनिक स्नानगृहात जाते. म्हणे, तिथे निदान बोलायला माणसं असतात. टोमणा होता. संध्याकाळी लक्षात आलं.
संकल्प : प्रत्येक प्रिंट वाहत्या पाण्यात पूर्ण एक तास धुणार. पुस्तकात जाड अक्षरात छापलंय.

१४ ऑक्टोबर
वीस मिनिटं पुरतात. काल पाच प्रिंट वीस-वीस मिनिटं धुतले, काही बिघडलं नाही. पुस्तकं नवशिक्यांसाठी असतात.

१९ ऑक्टोबर
बसने जुमुनजिनला, थोरल्या बहिणीकडे, माल्सूनताईकडे. भाऊजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोटो पाहिला. फिकट पडलाय, कडेला बुरशी. त्यांचा हा एकच फोटो. लग्नातला फोटो ते माकूळ पकडायच्या बोटीवर जाताना बरोबर घेऊन गेले, आणि बोट आलीच नाही. शेहेचाळीस वर्षं झाली. थडग्यातसुद्धा नुसते बूट पुरलेत. संसार अकरा महिन्यांचा.
श्राद्ध १४ नोव्हेंबरला. म्हटलं, ताई, आण इकडे, श्राद्धाच्या आत शंभर वर्षांचा करून देतो. देईना. आधी कॉपी काढ म्हणाली. मी म्हटलं, तीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेक मारलेत मी, मला नको सांगू जपायला. शेवटी रुमालात गुंडाळून दिला. स्टॉपपर्यंत सोडायला आली. मला सोडायला की फोटोला, कळलं नाही.

२० ऑक्टोबर
जंग्रान म्हणते, निदान मोबाईलवर तरी एक काढून ठेवा. मोबाईल! चांदीच्या कणांनी बनलेल्या चित्राचा मोबाईलवर फोटो! मी हसलो. ती हसली नाही.

२७ ऑक्टोबर
रोज दोन तास फोटो भिंगाखाली. उजळ भाग, मधले टोन, सावल्या. वहीत बारा छटा नोंदवल्या. कपाळ चार नंबर, कॉलर दोन, डोळ्यांखाली नऊ. इतक्या बारकाईने भाऊजींकडे कुणी पाहिलं नसेल.

३ नोव्हेंबर, सकाळी १०
आज. आधी बुरशी घालवायला हायपोमध्ये, म्हणजे प्रिंट पक्का करायच्या रसायनात, बुडवला. ही युक्ती पुस्तकात नाही, माझी आहे.

१०.४०
धुवायला घेतला आणि पाणी गेलं. इमारतीची टाकी साफ करणार असल्याची नोटीस लिफ्टमध्ये आठवडाभर होती म्हणे. एकूण धुणं : सात मिनिटं. टोनर तयार होता, तो वाया कशाला घालवायचा? पुढे गेलो.

११.०५
काय ब्लीच झालंय! एरवी फिकट पिवळी छाया उरते. या वेळी तीही नाही. दुधासारखा पांढरा कागद. हाताला वळण लागलंय.

११.३०
टोनरमध्ये आहे. अजून काही नाही.

२.००
अजून नाही. जुना कागद, सावकाश उठणार.

६.१५
जंग्रान दारात येऊन उभी राहिली. ट्रेमध्ये वाकून पाहिलं आणि गेली. तिचं हे असं बघणं मला आवडत नाही.

४ नोव्हेंबर
दुप्पट कडक टोनर. वास जिन्यापर्यंत. चित्र नाही. थंडीमुळे असेल.

७ नोव्हेंबर
ताईचा फोन. विचारत होती, झाले का? 'झाला का' नाही, 'झाले का', जणू फोटो नाही, भाऊजीच. मी म्हणालो, शेवटच्या टप्प्यात आहे, घाई केली तर रंग बसणार नाही. ती म्हणाली, भिंतीवरचा खिळा उगाच मोकळा दिसतो रे, सकाळी चहा घेताना सवयीने तिकडेच बघते. मी म्हणालो, हो हो, पाठवतोच. फोन ठेवल्यावर टोनर पुन्हा ढवळला.

९ नोव्हेंबर
नोह कॅमेरावाल्याकडे गेलो, सहज. त्याने एकच विचारलं, हायपोनंतर किती धुतलंस? मी म्हणालो, पुरेसं. लेन्स पुसता पुसता थांबला. म्हणाला, अरे बाबा, हायपो आणि ब्लीच एकत्र आले की चांदी खातात. कागदावर काही उरलेलं नाही. मोरीतून गेलं ते.
नोहने जन्मभर पासपोर्टचे रंगीत फोटो काढले. त्याला सेपियातलं काय कळतं?

१० नोव्हेंबर
कागद बाल्कनीत उन्हात ठेवला. चार वाजता एका कोपऱ्यात काहीतरी दिसलं. पाण्याचा डाग.

१२ नोव्हेंबर
मार्ग सापडला. सेपियात सगळी माणसं सारखीच दिसतात. केस काळे केले, जुन्या पद्धतीची कॉलर लावली, टायमरवर स्वतःचाच फोटो काढला आणि टोन केला. रंग अप्रतिम! इतका चांगला आजवर एकही आला नव्हता. जंग्रानला दाखवला. म्हणाली, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? आणि आत जाऊन दार लावून घेतलं.
ताईची नजर आता तेवढी चांगली नसेल. एकाहत्तर म्हणजे काही कमी नाही.

१५ नोव्हेंबर, सकाळ
श्राद्ध काल संध्याकाळी झालं. ताईने भात, सूप, मासा, पेअर मांडले होते. मध्ये फोटोची जागा मोकळी ठेवली होती. मी माझा फोटो दिला. तिने चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाली, बोनशिक, हा तू आहेस. जिवंत माणसाला इथे ठेवतात का रे, गाढवा? मग विचारलं, ते कुठायत?
पांढरा कागद काढून दिला. मी टाकीचं सांगत होतो, हायपोचं सांगत होतो. जंग्रान म्हणाली, पुरे.
ताईने कागद उलटसुलट केला. दिव्याजवळ नेऊन पाहिला. बोट फिरवून पाहिलं. मग शाईचा ब्रश आणून माझ्या हातात दिला. फोटो नसला की नाव लिहिलेला कागद ठेवतात, तसं यावरच त्यांचं नाव लिही म्हणाली. अक्षर बिघडलं. दारू वाहिली, सगळ्यांनी वाकून नमस्कार केले. नावाचा कागद शेवटी जाळायचा असतो. तिने काडी ओढली तेव्हा मी म्हणालो, ताई, थांब, अजून येईल कदाचित. ती थांबली नाही. जळायला वेळच लागला नाही.
मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला कधी वाटलेलं आठवत नाही.
ताटं आवरताना ताई म्हणाली, आवाज तर वीस वर्षांपूर्वीच गेला माझ्या कानातून, चेहरा तेवढा होता. तोही आत्तापासूनच हलायला लागलाय. तुझ्याकडे जवळजवळ महिनाभर होते ना ते, सांग, भांग कुठल्या बाजूला पाडायचे?
मी म्हणालो, उजव्या.
ती बरं म्हणाली, आणि उरलेला मासा डब्यात भरून जंग्रानकडे दिला.
कुठल्या बाजूला होता, मला माहीत नाही.